थेंब राखणारा पेशवा : मलिक अंबर

खुलताबादला येणारा प्रवासी बहुधा औरंगजेबाची कबर पाहतो, भद्रा मारुतीचे दर्शन घेतो आणि वेरूळची वाट धरतो. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळच असलेल्या एका घुमटाकृती मकबऱ्याकडे फारच थोड्यांची पावले वळतात. निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर तेथे चिरविश्रांती घेत आहे. गनिमी काव्याचा जाणकार म्हणून इतिहासाने त्याची नोंद घेतली. परंतु मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त प्रदेशाला त्याने दिलेली आणखी एक देणगी तितकीच मोलाची आहे. पाणी दूरवर नेताना ते वाया जाऊ न देण्याची विद्या, ही ती देणगी होय.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद असा प्रवास करीत दख्खनमध्ये पोहोचला. बगदादच्या धन्याने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नावही दिले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही एकेकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी अंबरने राज्यकारभार आणि युद्धशास्त्राचे धडे गिरवले. धन्याच्या मृत्यूनंतर त्याची गुलामीतून सुटका झाली. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून तो १५९५च्या सुमारास निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपल्यातच जमा होते. अशा वेळी अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला परांड्यात गादीवर बसवले आणि कारभाराची सूत्रे स्वतःकडे घेतली. पुढे १६१०च्या सुमारास त्याने दौलताबादजवळच्या खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवण्यास घेतले. हेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाऊ लागले.

शहर वसवायचे म्हणजे प्रथम पाणी हवे. खडकीलगत वाहणारी खाम नदी लहान, तिच्या भरवशावर राजधानी उभी राहणे कठीण होते. निजामशाहीच्या अहमदनगरात खापरी नळांनी पाणी खेळवलेले अंबरने पाहिले होते. त्याने उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगरउतारांवर मुरलेले पाणी जमिनीखाली गोळा केले आणि दगड-चुन्याच्या बांधीव भुयारातून ते शहरात आणले. ही योजना नहर-ए-अंबरी या नावाने प्रसिद्ध आहे. ती चालवण्यासाठी ना मोट लागली, ना बैल. उतार इतका बेताचा राखला होता की पाणी आपल्याच वजनाने वाहत राहिले.

या रचनेचे खरे मर्म गळती रोखण्यात आहे. उघड्या पाटाचे पाणी उन्हाने आटते, मातीत मुरते आणि वाटेत उपसलेही जाते. झाकलेल्या, चुन्याने लिंपलेल्या भुयारात हे तिन्ही तोटे कमी होतात. ठिकठिकाणी ठेवलेल्या विवरांतून माणूस आत उतरून गाळ काढू शकत असे आणि तडे बुजवू शकत असे. अंबरनंतरच्या काळात शहरात अशाच आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी काहींत खापराचे नळ वापरले गेले आणि वाटेत उंच मनोऱ्यांसारखे उच्छ्वास उभारले गेले. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, दाब हलका होई आणि नळांचे सांधे फुटत नसत.

अठराव्या शतकातील प्रसिद्ध पाणचक्की याच परंपरेतील होय. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील या चक्कीसाठी सुमारे सहा किलोमीटरवरून पाणी येते. उंचावरून पडणारी त्याची धार पात्यांवर आदळते आणि आसाबरोबर जाते फिरते. आजच्या टर्बाइनची ही पूर्वजच म्हणावी लागेल. तिची शक्ती दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती उंचीवरून पडते आणि दर क्षणाला किती येते. वाटेत गळालेले पाणी जात्यापर्यंत पोहोचतच नाही, तर पात्याच्या कडेने निसटलेले पाणी पोहोचूनही व्यर्थ जाते. पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा जलविद्युत संच आहे. अशा आधुनिक यंत्रांतही फिरते चाक आणि स्थिर कवच यांमधली फट शक्य तितकी अरुंद ठेवतात. काही ठिकाणी तेथे एकापुढे एक खाचा कोरतात. प्रत्येक खाचेत पाण्याचा दाब खर्ची पडतो आणि निसटणारा प्रवाह कमी होतो. त्याच पाण्यातून अधिक वीज मिळते.

अंबरने पाण्याचा उपयोग रणांगणावरही केला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीत मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्याने तलावाचे पाणी सोडून त्यांची वाट चिखलात रुतवली. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याआधी १६१६ मध्ये मात्र रोशनगावच्या पराभवानंतर मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली होती. अंबरने खचून न जाता ती पुन्हा सावरली. मे १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढच्या दहा वर्षांतच निजामशाही लयाला गेली.

राज्य गेले तरी नहर वाहत राहिली. कित्येक पिढ्यांनी तिचे पाणी प्यायले. वाढत्या वस्तीत पुढे अनेक ठिकाणी भुयारे फुटली, बुजली, त्यांवर बांधकामे झाली. शहर जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून राहिले. तेथून पाणी विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते. २०२२च्या उन्हाळ्यात याच शहरातील रहिवासी कित्येक दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहत होते. नवे पाणी आणण्याच्या योजना आवश्यक आहेतच. पण आणलेले पाणी घरापर्यंत टिकवणे हीदेखील एक योजनाच असते. खुलताबादच्या त्या मकबऱ्यात विसावलेल्या पेशव्याने हे चार शतकांपूर्वी ओळखले होते. उरलेल्या नहरी जपणे, ही त्याला वाहिलेली साजेशी आदरांजली ठरेल.