तोतरेपणाची पीएच.डी.

१९२६ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतकऱ्याचा वीस वर्षांचा मुलगा आयोवा विद्यापीठात दाखल झाला. नाव वेंडेल जॉन्सन. अभ्यासात हुशार, मैदानावर पुढे, पण बोलायला तोंड उघडलं की शब्द घशातच अडायचा. आयोवात तो शिकायला आला होता, तितकाच बरा व्हायलाही आला होता. पुढे वाणीदोषांच्या शास्त्रात त्याचं नाव जगभर झालं. त्याच नावावर एक डागही आहे, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी सर्वांना दिसला.

जॉन्सन पाच-सहा वर्षांचा असताना शाळेतल्या शिक्षिकेने त्याच्या आईवडिलांना सांगितलं, की पोरगा तोतरा बोलायला लागलाय. घरच्यांनी धसका घेतला आणि डॉक्टर, उपचार यांचे फेरे सुरू झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच त्याने सिद्धांत केला.

आयोवाच का? कारण तोतरेपणावर शास्त्रीय काम करणारी जागाच तेव्हा दुसरी नव्हती म्हणा ना. तिथले मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी ठरवलं, की वाणीदोष हा वक्तृत्वाच्या मास्तरांवर सोडायचा विषय नाही. त्यासाठी मेंदू, स्नायू, ध्वनी आणि मन या सगळ्यांचा अभ्यास झालेला माणूस हवा. त्यांनी ली ट्रॅव्हिस या विद्यार्थ्याला तसा घडवला. ट्रॅव्हिसला १९२४ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि वाणीदोषांवर काम करण्यासाठीच डॉक्टरेटपर्यंत तयार झालेला तो अमेरिकेतला पहिला माणूस मानला जातो. जॉन्सन त्याच्या हाताखाली आला.

ट्रॅव्हिसचं म्हणणं असं, की बोलण्याच्या स्नायूंवर मेंदूच्या एका अर्ध्या भागाची हुकमत हवी. दोन्ही भाग भांडू लागले की वाणी अडखळते. मग प्रयोग म्हणून जॉन्सनचा उजवा हात प्लास्टरमध्ये घातला, डाव्या हाताची सवय लागावी म्हणून. संमोहन झालं, मनोविश्लेषण झालं. तोतरेपणा जागचा हलला नाही. आपल्याकडे डावखुऱ्या पोराला उजव्या हाताने जेवायला लावलं म्हणून तो तोतरा झाला का, असं ओपीडीत अजून विचारतात. त्या शंकेचं मूळ या जुन्या कल्पनेतच आहे. ती पुढे टिकली नाही.

स्वतःच्या तोतरेपणावर त्याने एमएचा प्रबंध लिहिला, तो १९३० मध्ये पुस्तकरूपाने आला. १९३१ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता, तोतरेपणाचा माणसाच्या व्यक्तिमत्त्वावर होणारा परिणाम. रोगीच संशोधक झाला होता. पुढे आयोवाच्या वाणी चिकित्सालयाची सूत्रं त्याच्याकडे आली आणि १९५० मध्ये तो या क्षेत्रातल्या अमेरिकन संघटनेचा अध्यक्ष झाला.

त्याचा सिद्धांत थोडक्यात सांगतो. दोन ते चार वर्षांची बहुतेक सगळीच मुलं शब्द दोन-तीनदा म्हणतात, मध्येच थांबतात. ते सहज असतं. आईबाप घाबरून त्याला तोतरेपणा म्हणतात, नीट बोल म्हणून टोकतात, मूल बोलायलाच भिऊ लागतं, आणि त्या भीतीतून खरा तोतरेपणा जन्मतो. म्हणजे दोष मुलाच्या जिभेत नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींच्या भाषेत तोतरेपणाला शब्दच नाही, असंही त्याने मांडलं. नंतरच्या अभ्यासकांना त्या जमातींत तोतरी माणसंही सापडली आणि शब्दही. (आपली मराठी तर तोतरा वेगळा आणि बोबडा वेगळा, हेही नेमकं सांगते.)

या सिद्धांताने एक मोठं काम केलं. तोतऱ्या मुलाला रागावू नये, त्याचं वाक्य आपण पुरं करू नये, हे आज आम्ही जे सांगतो, त्यात जॉन्सनचा मोठा वाटा आहे. पण त्याच सिद्धांताने हजारो आयांच्या डोक्यावर अपराधाचं ओझंही ठेवलं, आणि ते निराधार होतं. तोतरेपणा पुष्कळदा घराण्यात चालतो. २०१० मध्ये त्याच्याशी निगडित जनुकांतले बदल सापडले, तेही पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून. सिडनीत तयार झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत तर आईवडिलांनाच शिकवतात, की मूल सलग बोललं की कौतुक करा आणि मधूनच, हळुवारपणे, अडखळलेला शब्दही दाखवून द्या. जॉन्सन बरोबर असता तर ही मुलं बिघडायला हवी होती. ती सुधारली.

सिद्धांताची परीक्षा त्याने स्वतःच घेतली होती, १९३९ मध्ये. त्याची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या अनाथालयातली २२ मुलं निवडली. त्यांतल्या सहा चांगल्या बोलणाऱ्या मुलांना सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरं बोलायला लागला आहात, चुकायचं असेल तर बोलूच नका. तिथल्या शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्या बायकांनाही तेच खोटं सांगितलं. काही महिन्यांत ही मुलं गप्प झाली, लाजू लागली. तोतरी मात्र झाली नाहीत, म्हणजे सिद्धांतही सिद्ध झाला नाही. ट्यूडर नंतर परत जाऊन त्यांना समजावून आली, पण उपयोग फारसा झाला नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिला, जॉन्सनने तो कधी प्रसिद्ध केला नाही. सहकाऱ्यांत मात्र त्याला राक्षसी प्रयोग हे नाव पडलं.

प्लास्टरमधला हात जॉन्सनचा स्वतःचा होता आणि तो त्याने समजूनउमजून दिला होता. अनाथालयातल्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या वतीने नाही म्हणायला घरचं माणूसही नव्हतं. त्या काळी असे नियमच नव्हते, असं त्याच्या बाजूने म्हणतात. मला ते पटत नाही. टोकल्याने मूल कसं मिटतं, हे जगात कोणाला ठाऊक असेल तर त्यालाच होतं.

१९६५ मध्ये, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी वाणीदोषांवरची नोंद लिहीत असताना हृदयविकाराने तो गेला. त्याच वर्षी म्हैसूरला भारताची वाक्-श्रवण संस्था उभी राहत होती. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने अनाथालयाचं प्रकरण बाहेर काढलं, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने त्या सहा जणांसाठी ९,२५,००० डॉलर देऊन दावा मिटवला. तोवर त्यांतले काही हयात नव्हते.

घरात तीन-चार वर्षांचं मूल अडखळत असेल तर वेखंड उगाळत बसू नका, जिभेखालचा पडदा कापायचा हट्टही धरू नका. बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण सहा महिन्यांहून जास्त चाललं, किंवा घरात आणखी कोणी तोतरं असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. हे शिक्षण आता मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेत मिळतं. पदवी, पदव्युत्तर आणि मग हवी असेल तर पीएच.डी. आज या विषयात मुलांवर प्रबंध करायचा तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आईवडिलांची लेखी संमती लागते, आणि मूल सात वर्षांहून मोठं असेल तर त्यालाही त्याच्या भाषेत विचारावं लागतं.