मुक्ताचा निबंध आणि सावित्रीमाई

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या सावित्रीमाईंनी लग्नानंतर जोतीरावांकडून अक्षरे गिरवली आणि १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात त्या मुलींना शिकवू लागल्या. शेण-दगडांची हकीकत आम्हा सर्वांना पाठ आहे. वर्गात काय घडत होते, हे मात्र आम्ही फारसे विचारत नाही.

फुले दाम्पत्याच्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. १८५५ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. वकिलीत आम्ही पुष्कळ अर्ज लिहिले. इतका बिनतोड युक्तिवाद क्वचितच साधला. नुसते धडे घोकणाऱ्या मुलीच्या हातून असे लिखाण होत नाही. स्वतः माईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये निघाला होता. शिक्षिका लिहिती होती म्हणून विद्यार्थिनी लिहिती झाली, असे आम्ही मानतो.

प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी माई गेल्या. आज आमच्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांत त्यांची तसबीर असते, आणि तिच्याखाली पोरे गाईडमधली उत्तरे उतरवत बसलेली असतात.