हेन्री रॉइस आणि निजामांची पिवळी मोटार

हैदराबादला जाणारा गोमंतकीय प्रवासी चारमिनार पाहून झाल्यावर सहसा चौमहल्ला राजवाड्याकडे वळतो. तेथे निजामांच्या जुन्या मोटारींमध्ये एक पिवळीधमक रोल्स-रॉइस उभी आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविलेली ही सिल्व्हर घोस्ट. मागे सिंहासनासारखी उंच बैठक. गाडी येण्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९११ रोजी, महबूब अली खान निवर्तले आणि ती त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांच्याकडे आली. ती चालली अवघी काहीशे मैल. पाहणाऱ्यांची नजर बैठकीवर खिळते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण बैठक घडविली ती बार्कर या लंडनच्या पेढीने. तिच्याखालचा सांगाडा, यंत्र आणि त्यांना बांधून ठेवणारा एकेक बोल्ट ही हेन्री रॉइस यांची करणी.

रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या ऑलवॉल्टन गावी झाला. वडील पिठाची गिरणी चालवीत. गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आले आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडीलही गेले. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. १८७८ मध्ये एका मावशीच्या मदतीने पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांत मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धीच राहिली. शाळा फारशी नाही, प्रमाणपत्र नाही. जे होते ते कानस धरलेल्या हातात.

१८८४ मध्ये गाठीच्या २० पौंडांवर, अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्या भागीदारीत, त्यांनी मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर विजेच्या घंटा बनविण्यास आरंभ केला. पुढे डायनामो आणि विजेच्या याऱ्या आल्या. चाळिशीच्या सुमारास त्यांनी एक जुनी फ्रेंच दकोव्हिल गाडी घेतली. ती वाईट नव्हती, परंतु रॉइस यांना तिचा आवाज, तिचा थरकाप, तिचे सैल जोड सोसवेनात. त्यांनी ती सुटी केली आणि स्वतःची गाडी रचली. ती १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स त्यांना भेटले, आणि पुढची कथा जगाला ठाऊक आहे.

जगाला कमी ठाऊक आहे ती त्यांची जोडांविषयीची हट्टी दृष्टी. तापवून ठोकलेले रिव्हेट थंड होताना आकसतात आणि भोकात किंचित जागा सुटते. वर्षभराच्या खडखडाटात ती जागा वाढते. म्हणून सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यात त्यांनी निमुळते बोल्ट योजले. प्रत्येक भोक हाताने रिमर फिरवून त्याच उताराचे करायचे, बोल्ट त्यात अंगासरशी बसवायचा. हे काम वेळखाऊ होते; हिशेबनिसांना ते रुचले नसल्यास नवल नाही.

या दृष्टीचे मोल कळते ते शंभर वर्षांनी, गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट किंवा मागचा आस उघडला आणि एखादा बोल्ट निकामी निघाला म्हणजे. बाजारात लगेच मिळतो तो ८ मिलिमीटरचा. जुना पाच-सोळांश इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु जुन्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. बारीक आट्यांच्या ब्रिटिश प्रमाणात त्या जाडीला इंचामागे २२ आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.१५ मिलिमीटर अंतर. ८ च्या नेहमीच्या बोल्टला १.२५. पहिले दोन-तीन फेरे सहज जातात, मग बोल्ट घट्ट लागतो. मिस्त्रीला वाटते आवळला गेला. वस्तुतः तो अडकलेला असतो आणि पाना दाबताच आटे मरतात.

आटे जुळले तरी निवड संपत नाही. जोडाच्या फटीवर बोल्टचा गुळगुळीत दांडा यावा लागतो; तेथे आटे आले तर गिअर पडतानाचा हिसका खाचेवर बसतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंतचा ताण घेतो, नेहमीचा चकचकीत स्टेनलेस ७०० च्या आसपास. तो काचेच्या कपाटात शोभेल, शाफ्टवर नव्हे. उलट अतिकठीण पोलादही ठिसूळपणा घेऊन येते. आणि निमुळत्या बोल्टला तर तयार पर्यायच नाही. भोक पुन्हा साफ करायचे, लेथवर त्याच उताराचा नवा बोल्ट काढायचा आणि लागेल तितक्यांदा तपासून बसवायचा. कुक स्ट्रीटवर नेमके हेच होत असे.

ज्या १९११ मध्ये हैदराबादची मागणी आली, त्याच वर्षी रॉइस आजाराने कोसळले. वर्षानुवर्षे जेवणाखाणाची शुद्ध न ठेवता केलेल्या कामाचा तो परिणाम होता. डॉक्टरांनी फार तर काही महिन्यांची मुदत दिली. रोल्स आदल्याच वर्षी, १२ जुलै १९१० रोजी, बोर्नमथला विमान अपघातात गेले होते. मागविणारे निजाम गेलेले, नावातला एक भागीदार गेलेला, दुसरा अंथरुणावर. तरीही डर्बीच्या कारखान्यातून सांगाडे जसेच्या तसे बाहेर पडत राहिले, कारण भोकाचा उतार आणि पोलादाची जात कागदावर उतरलेली होती.

रॉइस आणखी २२ वर्षे जगले. डर्बीच्या कारखान्यापासून त्यांना दूरच ठेवण्यात आले. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील ल कानादेल, उन्हाळ्यात इंग्लंडचा किनारा. एथेल ऑबिन या परिचारिकेने त्यांना सांभाळले. आराखडे टपालाने डर्बीला जात, भाग बनून येत, दुरुस्त्या लिहून परत जात. महायुद्धातील ईगल हे विमानयंत्र असेच तयार झाले. १९१९ मध्ये अल्कॉक व ब्राउन यांनी त्याच यंत्रांच्या जोरावर न थांबता अटलांटिक ओलांडला. १९३० मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. स्वतःला मात्र ते शेवटपर्यंत मेकॅनिकच म्हणवून घेत.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे त्यांचे निधन झाले. पुढे मर्लिन म्हणून नावारूपाला आलेले त्यांचे विमानयंत्र त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, प्रथम सुरू झाले.