तबकडीचे जनक एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर यांचा जन्म 1851 साली जर्मनीतील हॅनोव्हरचा. 1870 मध्ये ते अमेरिकेत गेले आणि नोकरी सांभाळून रात्री विज्ञान शिकले. एडिसनच्या फोनोग्राफवरील नळकांड्यांच्या प्रती काढणे अवघड होते. बर्लिनर यांनी 1887 मध्ये ग्रामोफोनचे पेटंट मिळवले व पुढे सपाट तबकडी सिद्ध केली. एका साच्यातून शेकडो प्रती निघू लागल्या.

विक्रेत्याशी वाद झाला. 1900 मध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे त्यांना स्वतःचाच ग्रामोफोन अमेरिकेत विकता येईना. खचून न जाता त्यांनी कॅनडात मॉन्ट्रिअलला पुन्हा व्यवसाय उभारला. 1929 मध्ये त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत ‘ग्रामोफोन’ हा शब्दही मागे पडला. आपल्याकडे मात्र तो रुजला. पांढुर्णा-सौंसरसारख्या गावांतही बालगंधर्वांची पदे घरबसल्या ऐकण्याची सोय झाली, ती या तबकडीमुळेच.