छप्पन्न वर्षांचा उशीर

बँकेच्या कल्याण शाखेत होतो तेव्हा डोंबिवलीची लोकल पकडण्याआधी मी कधीकधी जुन्या गावात चक्कर मारत असे. तिथे आनंदीबाई जोशींची आठवण हटकून व्हायची, कारण त्यांचे बालपण याच गावात गेले. त्यांच्यामागोमाग आठवायची माझी आत्या.

आनंदीबाई म्हणजे माहेरच्या यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले. गोपाळराव विधुर, वयाने बरेच मोठे आणि बायकोने शिकलेच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना बाई डॉक्टर हवी, हा ध्यास त्यानंतरचा. १८८३ साली त्या नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे ठेवून घेतले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाची नेमणूकही मिळाली. पण तोवर क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दैव कसे पाहा. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच शोधला होता. शत्रू ठाऊक होता, शस्त्र नव्हते. पुढे पेनिसिलिन आले. ते जंतूची भिंत नीट बांधू देत नाही, पण क्षयाच्या जंतूपुढे त्याची मात्रा चालली नाही. चालली ती स्ट्रेप्टोमायसिनची. हे औषध १९४३ साली सापडले, तेही त्याच न्यू जर्सीत! रटगर्समध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुणाने मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळवले. ते जंतूच्या आतला प्रथिनांचा कारखानाच बिघडवते. आनंदीबाईंना छप्पन्न वर्षांचा उशीर झाला.

माझ्या आत्याला तो झाला नाही. माझ्या लहानपणी तिला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळाली. आत्या वाचली, पण कानांनी साथ सोडली. आतल्या कानाला इजा करणे हा या औषधाचा दुर्गुण. दिवाळीत आम्ही फटाके वाजवायचो, ती नुसती उजेडाकडे बघून हसायची.

प्रत्येक औषधाची अशी काही किंमत असते. पेनिसिलिनची कुणाला भयंकर अ‍ॅलर्जी होते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते निरुपद्रवी. पण यकृताकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, म्हणून सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात. आणि क्षयावर एकच औषध दिले तर जंतू त्याला पुरून उरतो, म्हणून तीन-चार एकत्र, महिनोन्‌महिने.

परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने खोकला थांबताच दुसऱ्याच महिन्यात गोळ्या सोडल्या. पोटात मळमळते म्हणाला. मी त्याला आधी आत्याची आणि मग आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांग, ते औषध बदलतील, पण आपल्या मनाने थांबू नकोस, असे बजावले आणि त्याला घेऊन दवाखान्यात गेलो.

जिला एकही गोळी मिळाली नाही, ती डॉक्टर होती. आम्हाला फुकट मिळतात, तर आम्ही अर्ध्यावर टाकतो.