ड्यूक कहानामोकू

क्रीडांगणावर कीर्ति मिळविणारे पुष्कळ होतात. परंतु खेळांत कमावलेलें कौशल्य परक्याच्या प्राणासाठीं पणास लावणारे विरळा. अशा एका जलवीराचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ड्यूक कहानामोकू यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजीं हवाई बेटांतील होनोलुलू शहरीं झाला. ‘ड्यूक’ ही पदवी नव्हे. तें त्यांचें पाळण्यांतलेंच नांव होतें. वायकीकीच्या किनाऱ्यावर ते लहानाचे मोठे झाले. लांकडी फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत येणें हा तेथील पूर्वापार खेळ. त्यांत ते निष्णात झाले. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें व १९२० सालीं अँटवर्प येथें ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीचें सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. १९२४ सालीं पॅरिस येथें मात्र जॉनी वाइसमुलर या तरुणानें त्यांस मागें टाकलें.

त्यांची खरी कसोटी पुढच्याच वर्षीं लागली. १४ जून १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें समुद्र खवळला होता. मासेमारीसाठीं निघालेली ‘थेल्मा’ नांवाची बोट बंदराच्या मुखाशीं प्रचंड लाटांत सांपडून उलटली. तींत २९ माणसें होतीं. ड्यूक त्या वेळीं किनाऱ्यावरच होते. फळी घेऊन ते तत्काळ लाटांत शिरले. बुडणारा मनुष्य भयानें तारणाऱ्यासच मिठी मारतो व दोघेही तळाशीं जातात. फळीचा आधार मिळाला म्हणजे तो तरंगत राहतो. पुनःपुन्हां पाण्यांत जाऊन ड्यूक यांनीं आठ जणांस जिवंत आणलें. इतरांच्या प्रयत्नानें आणखी चौघे वांचले. सतरा जणांस मात्र जलसमाधि मिळाली.

एवढ्या पराक्रमानेंही सतरांचा मृत्यु टळला नाहीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. तथापि तो दिवस अगदींच वायां गेला नाहीं. फळीचा उपयोग डोळ्यांसमोर सिद्ध झाल्यामुळें पुढें अमेरिकेंतील किनारारक्षक बचावासाठीं अशा फळ्या जवळ बाळगूं लागले.

ड्यूक यांनीं नंतर अनेक वर्षें होनोलुलूचे शेरीफ म्हणून काम केलें. २२ जानेवारी १९६८ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या अस्थि वायकीकीच्या समुद्रांतच विसर्जन करण्यांत आल्या.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गांवीं नदी असेल, विहीर असेल, समुद्र असेल. पोहणें अवश्य शिका. पालकवर्गासही आमची विनंति आहे, कीं मुलांस पाण्याचें केवळ भय दाखवूं नये. जाणत्याच्या देखरेखीखालीं तीं पाण्यांत उतरूं द्यावीं. आज खेळ म्हणून साधलेली विद्या उद्यां कोणाचा प्राण राखील, हें कोणीं सांगावें?