कॉर्बेट यांची हलकी रायफल

जिम कॉर्बेट म्हटले की कुमाऊँच्या नरभक्षक वाघांच्या थरारक कथा आठवतात. मात्र त्या कथांतील शिकारी घडला तो चितळ, सांबर आणि भेकरांच्या रानात, थोरल्या भावाच्या हाताखाली. वाघ बराच नंतर आला.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर होते. ते १८८१ मध्ये वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब तराईलगतच्या कालाढुंगीला उतरे. तेथे जिमचे पहिले गुरू होते बंधू टॉम. न्यूमोनियातून उठलेल्या धाकट्या भावाच्या हाती त्यांनी गलोल दिली आणि त्याला जंगलात नेले. पुढे एका चुलत भावाने पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यासाठी जिमला दुनळी ठासणीची बंदूक दिली. तिची एक नळी फुटलेली होती! शाळकरी जिमचा नेम पाहून स्वयंसेवक दलातील सार्जंट-मेजरने त्याला मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट एवढीच, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणायची. खांद्याला जबर धक्का देणाऱ्या त्या रायफलीनेच जिमने पहिला बिबट्या मारला.

हरणांच्या रानात या मुलाच्या हाती जे लागले, ते मांसापेक्षा मोलाचे होते. चितळ कोणत्या दिशेला तोंड करून ओरडते, भेकराचे भुंकणे कधी थांबते, खुरांच्या ठशावर दव केव्हा पडले असावे, हे तो वाचू लागला. स्वतः चितळाचा आवाज काढण्यातही तो तरबेज झाला. पुढे नरभक्षकांच्या मागावर एकट्याने हिंडताना त्यांचे प्राण याच विद्येने अनेकदा वाचवले.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतच्या वाघिणीचा अंत केला. तिच्या नावावर ४३६ बळी होते. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. सुमारे सात मिलिमीटर जाडीची गोळी झाडणारे हे हत्यार वाघाच्या शिकारीत छोटेच मानले जाई. ते खरे हरणांसाठी आणि डोंगरउतारावरच्या लांबच्या नेमासाठी. वाघासाठी कॉर्बेटही पुष्कळदा जड दुनळी रायफल वापरत. पण ही रायफल हलकी होती आणि तिची गोळी सरळ जाई. चौगढच्या मोहिमेत मांसाला पारखे झालेल्या दलकनिया गावकऱ्यांसाठी त्यांनी तिनेच दूरच्या कड्यावरचे घुरल टिपले. घुरल म्हणजे हिमालयातली रानशेळीसारखी जात.

त्याच वाघिणीशी अखेर १९३० मध्ये गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. रायफल एका हातानेच फिरवून त्यांनी गोळी झाडली. जड दुनळीने हे साधले असते काय? रुद्रप्रयागचा बिबट्याही १९२६ मध्ये याच रायफलीला बळी पडला.

पुढे त्यांचा कल बंदुकीकडून चलच्चित्र कॅमेऱ्याकडे वळला. त्याला पश्चात्ताप म्हणणे घाईचे ठरेल. नरभक्षकांच्या मागावर ते नंतरही गेले. पण केवळ हौसेसाठी होणाऱ्या संहाराचा त्यांना उबग आला होता आणि १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी प्रयत्न केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या चितळांवर त्यांनी नेम शिकला, त्यांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण दिले.

१९४७ मध्ये कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी केनियाला गेले. तेथे न्येरी गावी, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी ‘जंगल लोर’ लिहिले. ते पुस्तक म्हणजे बहुतांशी टॉम, गलोल आणि कालाढुंगीची पायवाट. १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ती रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये याच संस्थेने मुंबईतून प्रसिद्ध केले होते. अनेक वर्षांनी रिग्बी कंपनीने ती विकत घेतली. दस्त्यावर ह्युएट यांच्या भेटीची नोंद असलेली चांदीची पट्टी अजून आहे.